घोड्याच्या अंगावरील पांढऱ्या खुणांची आनुवंशिकी

घोड्याच्या अंगावरील पांढऱ्या खुणांची आनुवंशिकी : घोड्याच्या कपाळावरील टिळा, तोंडावरचा पट्टा, पायांवरील पांढरेपणा, अंगावरील मोठे पांढरे डाग आणि क्वचित आढळणारे जन्मतः संपूर्ण पांढरे अंग ही लक्षणे कोणत्या जनुकांमुळे (आनुवंशिक घटकांमुळे) उद्‌भवतात, याचा अभ्यास. हा विषय वरवर पाहता अश्वशौकिनांच्या आवडीनिवडीचा वाटतो. तथापि यांपैकी काही खुणा निर्माण करणारी उत्परिवर्तनेच (आनुवंशिक द्रव्यातील आकस्मिक बदलच) शिंगराच्या आतड्यांवर, श्रवणशक्तीवर किंवा रात्रीच्या दृष्टीवर परिणाम करतात. त्यामुळे खूण पाहून घोड्याचे आनुवंशिक स्वरूप ओळखता येते काय, या प्रश्नावर अनेक शिंगरांचे जगणे-मरणे अवलंबून राहिले आहे. सुमारे शंभर वर्षांच्या संशोधनातून या प्रश्नाचे जे उत्तर मिळाले ते थोडक्यात असे : डोळ्यांना सारखी दिसणारी खूण अनेक कारणांनी येऊ शकते आणि एकच कारण निरनिराळ्या घोड्यांत निरनिराळ्या रूपाने प्रकट होऊ शकते.

नावे व जुनी वर्गवारी : पांढऱ्या खुणांवरून घोड्यांचे वर्ग पाडण्याची प्रथा फार जुनी आहे. भारतीय अश्वशास्त्रात रंग व खुणा यांवरून शुभाशुभ ठरविले जाई. चारही पाय व तोंड पांढरे असलेल्या घोड्यास पंचकल्याणी म्हणतात. हेमचंद्राच्या अभिधानचिंतामणि या बाराव्या शतकातील कोशात शेपूट, छाती, खूर, आयाळ व मुख पांढरे असलेल्या घोड्यास अष्टमंगल हे नाव दिलेले आहे. दोन रंगांच्या घोड्यास मराठीत अबलख म्हणतात. नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा येथे दत्तजयंतीच्या सुमारास भरणाऱ्या घोडेबाजारात अशा खुणांकडे आजही बारकाईने पाहिले जाते. अमेरिका खंडात अबलख घोड्यांचे टोबियानो व ओव्हेरो असे दोन मुख्य वर्ग रूढ झाले. टोबियानो घोड्यात पांढरा रंग पाठीवरून आडवा जातो व पाय बहुधा पांढरे असतात. या वर्णनात न बसणाऱ्या जवळजवळ सर्व अबलख घोड्यांना ओव्हेरो हे एकच नाव मिळाले. नावाच्या या ढिलेपणामुळे पुढे किती घोटाळा झाला, हे खाली दाखविले आहे.

पांढरा केस कसा येतो : केसाला रंग देणाऱ्या कोशिका (पेशी) त्वचेत मुळात नसतात. भ्रूणाच्या पाठीकडील तंत्रिका शिखा या भागात त्यांचे पूर्वज निर्माण होतात आणि तेथून ते दोन्ही बाजूंनी खाली सरकत सर्व त्वचेत पसरतात. ज्या भागापर्यंत ते पोहोचत नाहीत किंवा पोहोचून टिकत नाहीत, तेथे रंजकद्रव्य तयार होत नाही. अशा ठिकाणची त्वचा गुलाबी व केस पांढरे राहतात. कपाळ, नाकाचा शेंडा, पायांची टोके व पोट हे भाग या प्रवासात शेवटी येतात आणि म्हणूनच सामान्य पांढऱ्या खुणा प्रामुख्याने तेथे आढळतात. आतड्यांच्या भित्तीतील तंत्रिका कोशिका तंत्रिका शिखेपासूनच निर्माण होतात, तर अंतर्कर्णाच्या कार्यासाठी तेथे रंजक कोशिका असणे आवश्यक असते. रंग, पचन व श्रवण यांचा परस्परांशी असलेला अनपेक्षित संबंध यावरून स्पष्ट होतो.

वयपरत्वे पांढरा होणारा करडा घोडा या वर्गात मोडत नाही. तो रंगीत जन्मतो, त्याची त्वचा काळीच राहते आणि केस मात्र हळूहळू पांढरे होतात. याचे कारण एसटीएक्स १७ या जनुकातील सु. ४,६०० क्षारक-जोड्यांच्या खंडाची द्विरुक्ती हे असल्याचे २००८ मध्ये सिद्ध झाले. या घोड्यांत त्वचेच्या कृष्णार्बुदाचे (रंजक कोशिकांच्या गाठींचे) प्रमाण अधिक असते.

वंशावळींचा काळ : मेंडेल यांचे नियम १९०० मध्ये पुन्हा प्रकाशात आल्यानंतर घोडा हा अभ्यासास सोयीचा प्राणी ठरला, कारण शर्यतीच्या घोड्यांची रंगासह वंशावळ अनेक पिढ्या छापून ठेवलेली होती. इंग्लंडमधील सी. सी. हर्स्ट यांनी १९०६ मध्ये अशा नोंदींवरून आयाळीसह सर्वांगी तांबूस असा चेस्टनट रंग, काळी आयाळ असलेल्या कुमाईत रंगाच्या तुलनेत अप्रभावी असल्याचे दाखविले. अमेरिकेत ए. एच. स्टर्टेव्हंट यांनी १९१० मध्ये गाडीला जुंपावयाच्या घोड्यांच्या रंगांवर निबंध प्रसिद्ध केला. गुणसूत्रावरील जनुकांचा पहिला नकाशा करणारे संशोधक म्हणून त्यांची पुढे ख्याती झाली. घोड्यांच्या वंशावळींचा छंद हाच त्यांच्या या विषयातील प्रवेशाचा मार्ग होता. १९४८ मध्ये डब्ल्यू. ई. कॅसल यांनी घोड्याच्या रंगांचा एकत्रित आढावा घेतला.

मूळ रंगांच्या बाबतीत ही पद्धत यशस्वी झाली. पण पांढऱ्या खुणांच्या बाबतीत ती अपुरी पडली. नोंदवहीत रंगाचे नाव असे, खुणेचा आकार क्वचितच असे. शिवाय खुणांचे नाव ठरविणारा डोळा प्रत्येक ठिकाणी वेगळा होता. तरीही काही महत्त्वाची निरीक्षणे झाली. फिनलंडमधील व्ही. क्लेमोला यांनी १९३३ मध्ये स्प्लॅश्ड व्हाइट या नक्षीचे वर्णन केले. हा घोडा पांढऱ्या रंगात खालून बुडवून काढल्यासारखा दिसतो. १९६९ मध्ये डब्ल्यू. एल. पुलोस व एफ. बी. हट यांनी जन्मतः पांढऱ्या घोड्यांच्या संकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पांढऱ्या घोड्याचा पांढऱ्या घोडीशी संकर केला असता पांढऱ्या व रंगीत शिंगरांचे प्रमाण ३:१ ऐवजी २:१ च्या जवळ येते, असे त्यांना आढळले. यावरून प्रभावी पांढऱ्या जनुकाच्या दोन प्रती एकत्र आल्यास भ्रूण गर्भातच मरत असावा, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो सर्व पांढऱ्या घोड्यांना लागू असल्याचे पुढे कित्येक वर्षे मानले गेले. १९७८ मध्ये टोबियानो नक्षीचा जनुक रक्तातील अल्ब्युमीन या प्रथिनाच्या जनुकाशी सहलग्न असल्याचे एका तट्टूंच्या कुटुंबात दिसून आले. एखाद्या पांढऱ्या नक्षीचे गुणसूत्रावरील ठिकाण ठरविण्याच्या दिशेने हे पहिले महत्त्वाचे पाऊल होते.

घातक पांढरे शिंगरू : ओव्हेरो घोड्यांच्या पैदासकारांना एक दुःखद अनुभव वारंवार येई. दोन ओव्हेरो घोड्यांच्या संकरातून कधीकधी जवळजवळ संपूर्ण पांढरे, निळ्या डोळ्यांचे शिंगरू जन्मे. ते उठून उभे राही, दूध पिई; पण काही तासांत त्याचे पोट दुखू लागे. त्याची पहिली विष्ठा बाहेर पडत नसे आणि एकदोन दिवसांत ते मरण पावे. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विकृतिवैज्ञानिक अभ्यासात अशा शिंगरांच्या आतड्याच्या भित्तीत तंत्रिका कोशिका नसल्याचे आढळले. आतडे आकुंचन पावून अन्न पुढे ढकलू शकत नाही, हे मृत्यूचे कारण होते. शस्त्रक्रिया वा औषध यांचा काही उपयोग होत नसे.

मात्र दोन ओव्हेरो घोड्यांच्या सर्वच जोड्यांना असे शिंगरू होत नसे. काही जोड्यांना अनेक वर्षे निरोगी शिंगरे होत, तर कधी एकरंगी म्हणून नोंदलेल्या घोडीलाही पांढरे शिंगरू होऊन ते दगावे. डोळ्यांच्या भरवशावर नियम बसविणे शक्य नव्हते.

या कोड्याचा उलगडा मनुष्य व उंदीर यांच्यावरील संशोधनामुळे झाला. मनुष्यात हिर्शस्प्रुंग रोग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आतड्याच्या जन्मजात विकारात एंडोथेलीन-बी ग्राही या प्रथिनाच्या जनुकात उत्परिवर्तन असू शकते, असे १९९४ मध्ये दिसून आले. त्याच वर्षी उंदरांतही या जनुकातील बिघाडामुळे पांढरे डाग व आतड्याचा विकार एकत्र येतात, हे सिद्ध झाले. घोड्यातील लक्षणे नेमकी हीच असल्याने त्याच जनुकाकडे लक्ष वळले आणि १९९८ मध्ये तीन संशोधकगटांनी स्वतंत्रपणे एकच उत्परिवर्तन शोधून काढले. लगतचे दोन क्षारक बदलल्यामुळे प्रथिनातील ११८ व्या स्थानी आयसोल्यूसीन या ॲमिनो अम्लाऐवजी लायसीन येते. या जनुकाची एक बदललेली प्रत असलेला घोडा निरोगी असतो. त्याच्या अंगावर बहुधा फ्रेम नावाची नक्षी दिसते : बाजूंवर व मानेवर पांढरे डाग आणि पाठीच्या कण्यावर सलग रंग. दोन प्रती असलेले शिंगरू मात्र वाचत नाही.

त्यामुळे जुना घोटाळा सुटला. ओव्हेरो या एका नावाखाली फ्रेम, सबीनो व स्प्लॅश्ड व्हाइट या किमान तीन वेगळ्या नक्षी एकत्र आल्या होत्या आणि त्यांपैकी फक्त पहिली घातक विकाराशी संबंधित होती. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत स्पष्ट फ्रेम नक्षीच्या ९४ टक्क्यांहून अधिक घोड्यांत हे उत्परिवर्तन आढळले. परंतु अगदी थोडा पांढरा रंग असलेल्या आणि एकरंगी म्हणून नोंदलेल्या काही घोड्यांतही ते सापडले. म्हणजे वाहक घोडा नेहमी नक्षीवरून ओळखता येतोच असे नाही.

केआयटी जनुक : उंदरांतील डब्ल्यू या प्रभावी पांढऱ्या लक्षणाचे मूळ केआयटी या जनुकात असल्याचे १९८८ मध्ये आणि मनुष्यातील जन्मजात पांढऱ्या डागांचेही कारण तेच असल्याचे १९९१ मध्ये समजले होते. या जनुकाने बनविलेले ग्राही प्रथिन रंजक कोशिकांच्या पूर्वजांना जिवंत राहण्याचा व पुढे सरकण्याचा संकेत देते. घोड्यात हा जनुक तिसऱ्या गुणसूत्रावर, अल्ब्युमिनाच्या जनुकाच्या शेजारच्या प्रदेशात आहे. त्यामुळे १९७८ चा पुरावा व नवे ज्ञान एकमेकांशी जुळले.

केंटकी विद्यापीठातील एस. ए. ब्रुक्स व ई. बेली यांनी २००५ मध्ये सबीनो नक्षीच्या एका प्रकाराचे कारण शोधले. या प्रकारात केआयटीचा संदेश जुळविला जात असताना त्याचा १७ वा खंड गाळला जातो. एक प्रत असल्यास पाय व तोंड यांवर पांढऱ्या खुणा व अनियमित डाग येतात, तर दोन प्रती असल्यास घोडा जवळजवळ पांढरा पण निरोगी असतो. २००७ मध्ये टोबियानोचे कारण मिळाले. तेथे जनुकातील अक्षरे बदललेली नसून केआयटीपासून सु. एक लाख क्षारक-जोड्या अंतरावर गुणसूत्राचा एक मोठा तुकडा उलटा जोडला गेलेला आहे. टोबियानोच्या दोन प्रतींमुळे कोणताही अपाय होत नाही.

जन्मतः पांढऱ्या घोड्यांचा प्रश्नही २००७ मध्येच सुटू लागला. बर्न विद्यापीठातील बी. हासे व त्यांच्या सहकाऱ्यांनी चार वंशांतील पांढऱ्या घोड्यांचे केआयटी जनुक तपासले. यांत स्वित्झर्लंडच्या फ्रांश-माँटॅन्य जातीतील सिगाल या १९५७ मध्ये जन्मलेल्या पांढऱ्या घोडीचा वंश होता. ती रंगीत आईबापांपासून अकस्मात जन्मली होती. चार वंशांत चार वेगवेगळी उत्परिवर्तने आढळली. याचा अर्थ असा की, प्रभावी पांढरा रंग हा एका पूर्वजापासून पसरलेला नसून तो ठिकठिकाणी पुन्हापुन्हा नव्याने उद्‌भवला आहे. आजवर अशी ३० हून अधिक पर्यायी रूपे नोंदली गेली आहेत. काही रूपांच्या दोन प्रती घातक असाव्यात. काहींच्या मात्र नाहीत. पुलोस व हट यांचे अनुमान त्यांनी तपासलेल्या घोड्यांपुरते ग्राह्य धरता येते. सर्व पांढऱ्या घोड्यांना ते लागू करणे ही चूक होती.

जपानमधील शिरायुकिहिमे ही १९९६ साली रंगीत आईबापांपासून जन्मलेली थरोब्रेड घोडी याचे प्रसिद्ध उदाहरण होय. तिच्या वंशात केआयटीमधील ५४ क्षारक-जोड्या गळालेल्या आहेत. तिची नात सोदाशी हिने २०२० मध्ये पहिल्या श्रेणीची शर्यत जिंकली. असा पराक्रम करणारा हा पहिलाच पांढरा थरोब्रेड घोडा होय. पांढरा घोडा दुर्बल असतो, या जुन्या समजुतीला यामुळे चांगले उत्तर मिळाले.

डब्ल्यू-२० या रूपाचा इतिहास संशोधकांनाही सावधगिरी शिकविणारा आहे. २००७ मध्ये हा बदल दिसला होता. पण तो अनेक जातींतील सामान्य घोड्यांत असल्याने निरुपद्रवी व निष्क्रिय समजला गेला. २०१३ मध्ये असे आढळले की, तो एकटा असताना खुणा किंचित वाढवितो, परंतु केआयटीच्या दुसऱ्या बदललेल्या प्रतीबरोबर आल्यास घोडा जवळजवळ संपूर्ण पांढरा होऊ शकतो. दोन साधारण दिसणाऱ्या घोड्यांना अनपेक्षितपणे अतिशय पांढरे शिंगरू कसे होते, याचे एक स्पष्टीकरण त्यातून मिळाले.

स्प्लॅश्ड व्हाइट व बहिरेपणा : २०१२ मध्ये आर. हाउसविर्थ व सहकाऱ्यांनी स्प्लॅश्ड व्हाइट नक्षीमागे एमआयटीएफ व पॅक्स ३ या दोन जनुकांतील उत्परिवर्तने असल्याचे दाखविले. मनुष्यात याच जनुकांतील बिघाडांमुळे वार्डेनबुर्ख लक्षणसमूह होतो. त्यात केसांचा पांढरा झुबका, फिकट निळे डोळे व बहिरेपणा ही लक्षणे एकत्र दिसतात. स्प्लॅश्ड व्हाइट घोड्यांतही रुंद पांढरे तोंड, निळे डोळे आणि काही वेळा बहिरेपणा आढळतो. एमआयटीएफमधील सर्वाधिक प्रसार झालेले रूप आइसलँडिक तट्टूंसह अनेक दूरच्या जातींत सापडते, म्हणून ते बरेच जुने असले पाहिजे. याउलट पॅक्स ३ मधील प्रथम सापडलेला बदल १९८७ मध्ये जन्मलेल्या एका क्वॉर्टर जातीच्या घोडीपर्यंत मागे नेता येतो. बहिरा घोडा डोळ्यांनी परिस्थिती ओळखून वागत असल्याने त्याचे व्यंग मालकाच्या लक्षात येतेच असे नाही; तो हट्टी वा मंद ठरविला जाऊन मार खाण्याची शक्यता असते. अशा घोड्याची नक्षी ओळखणे हे त्याला न्याय देण्यासारखेच आहे.

बिबट्या नक्षी : ॲपलूसा, नॉरिकर इ. जातींत पांढऱ्या अंगावर रंगीत ठिपके असतात. या नक्षीचे मूळ टीआरपीएम १ या जनुकात शिरलेल्या विषाणुजन्य खंडात असल्याचे आर. आर. बेलोन व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखविले. या जनुकाचे प्रथिन दृष्टिपटलातही कार्य करते. दोन बदललेल्या प्रती असलेला घोडा जन्मतः रातांधळा असतो. त्याला दिवसा उत्तम दिसते. अंधारात मात्र तो बुजतो.

सामान्य खुणा व योगायोग : कपाळावरचा साधा टिळा किंवा एका पायाचा पांढरा मोजा यांची आनुवंशिकी मोठ्या डागांपेक्षा अधिक गुंतागुंतीची आहे. सी. एम. वुल्फ यांनी १९८९ ते १९९५ या काळात अरबी घोड्यांचा अभ्यास करून या खुणा अनेक जनुकांच्या एकत्रित परिणामाने येतात, असे दाखविले. चेस्टनट घोड्यांत त्या कुमाईत घोड्यांपेक्षा अधिक आढळतात. भ्रूणावस्थेतील योगायोगाचाही त्यांत वाटा असतो : तेच जनुक असूनही कोशिका किती दूर पोहोचल्या यात थोडाफार फरक पडतो. एकाच घोड्याच्या डाव्या व उजव्या पायांवरील खुणा सारख्या नसतात, याचे कारण हेच. क्लोन पद्धतीने जन्मलेल्या शिंगरांच्या खुणाही मूळ घोड्याशी तंतोतंत जुळत नाहीत. फ्रांश-माँटॅन्य घोड्यांवरील २००८ व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांवरून सामान्य खुणांतही केआयटी व एमआयटीएफ यांच्या सौम्य रूपांचा मोठा वाटा असल्याचे स्पष्ट झाले. म्हणजेच सामान्य व असामान्य खुणांमध्ये निश्चित सीमारेषा नाही.

प्राचीन अवशेषांचा पुरावा : घोड्यांच्या जुन्या हाडांतील आनुवंशिक द्रव्याच्या तपासणीमुळे या जनुकांचे वय समजू लागले आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार घोडा माणसाळविला गेल्यानंतर, सु. ५,००० वर्षांपूर्वीपासून, रंगांची विविधता झपाट्याने वाढली. टोबियानो व सबीनो ही रूपे त्या काळात प्रथम दिसतात. बिबट्या नक्षी मात्र त्याहून कितीतरी जुनी आहे. २०११ मध्ये तपासलेल्या, माणसाळविण्यापूर्वीच्या काळातील ३१ घोड्यांपैकी ६ घोड्यांत तिचा जनुक आढळला. फ्रान्समधील पेश-मेर्ल गुहेत सु. २५,००० वर्षांपूर्वी चितारलेले ठिपक्यांचे घोडे कल्पनेतले नसून प्रत्यक्ष पाहिलेले असू शकतात, हे त्यावरून मान्य झाले.

व्यावहारिक महत्त्व : नोंदणी संस्थांनी पूर्वी खुणांच्या आकारावरून घोडे स्वीकारले वा नाकारले. अमेरिकन क्वॉर्टर हॉर्स ॲसोसिएशन या संस्थेच्या नियमांनुसार ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक पांढरा रंग असलेल्या शिंगरास नोंदणी मिळत नसे. हा निर्बंध २००४ मध्ये उठविण्यात आला. अशा नियमाने घातक जनुक वंशातून गेला नाही, कारण तो थोड्या खुणांच्या घोड्यांतही लपून राहत होता. उलट, अनेक निरोगी घोडे मात्र बाहेर फेकले गेले.

केसांच्या मुळांतून घेतलेल्या नमुन्यावर आता फ्रेम, टोबियानो, सबीनो, स्प्लॅश्ड व्हाइट व प्रभावी पांढरा यांच्या ज्ञात रूपांची तपासणी करता येते. फ्रेम वाहक घोड्याचा दुसऱ्या वाहकाशी संकर केल्यास दर शिंगरामागे घातक स्थितीची शक्यता २५ टक्के असते. तोच घोडा वाहक नसलेल्या घोडीस दाखविल्यास ही शक्यता राहत नाही आणि निम्म्या शिंगरांना फ्रेमचा जनुक मिळतो. म्हणून वाहकाचा नाश करण्याचे वा त्याला पैदाशीतून बाद करण्याचे कारण नाही. फक्त जोडी विचारपूर्वक निवडली म्हणजे पुरे. मात्र तपासणी ज्ञात उत्परिवर्तनांचीच होऊ शकते. नवी उत्परिवर्तने होतच असल्याने तपासणीत काही न आढळलेल्या घोड्याच्या अंगावरही पांढरी खूण असू शकते, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. पैदासकाराची नजर, काळजीपूर्वक ठेवलेली वंशावळ आणि प्रयोगशाळेतील परीक्षा ही तीन साधने एकत्र वापरली, तरच पांढऱ्या खुणेचा अर्थ विश्वासाने लावता येतो.